हा दोर कोण ओढतो?

शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती समोर आली की बघणारा आधी फळ्यांचे जोड पाहतो, नाळेवरचे कोरीव काम पाहतो, तोफा मोजतो. कारागिराची खरी परीक्षा मात्र वर, डोलकाठ्यांच्या मधल्या दोरांत असते. बांध्यात थोडे उणेअधिक झाले तरी ते झाकून नेता येते. दोराचे तसे नाही. त्याला एक टोक असते, दुसरे टोक असते आणि मधे काहीतरी काम असते. काही दोर डोलकाठीला तोलून धरतात, ते बहुधा जागचे हलत नाहीत. बाकीचे शीड चढवतात, उतरवतात, वाऱ्याकडे वळवतात. ते कप्पीतून खाली येऊन कुणा खलाशाच्या हातात पोचलेच पाहिजेत. म्हणून कुठल्याही प्रतिकृतीसमोर एकच प्रश्न विचारावा: हा दोर कोण ओढतो, आणि ओढल्यावर काय होते? मराठा आरमारातील गुरबा आणि गलबते म्हणून आपल्याकडे दिवाणखान्यांत, भेटवस्तूंच्या दुकानांत आणि सत्काराच्या टेबलांवर जे मांडलेले असते, त्यातले बरेचसे या प्रश्नाला निरुत्तर होते. बांधा कोकणी आणि दोर इंग्रजी, असा तो संसार असतो.

इंग्रजी दोरकामात वाईट काही नाही. ते त्याच्या जागी असावे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी फ्रिगेट 1817 साली पाण्यात उतरली आणि आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे. तिची प्रतिकृती करणाऱ्याला अंदाजाने काही करावे लागत नाही. जहाज डोळ्यांसमोर आहे. शिवाय डेव्हिड स्टील याने 1794 साली छापलेल्या ग्रंथात कुठल्या आकाराच्या जहाजावर कुठला दोर किती जाड, याची कोष्टकेच आहेत. डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना बसवलेले पक्के ताण, त्यांच्यावर आडव्या दोऱ्या बांधून केलेली चढायची शिडी, आडव्या वाशांवरची चौकोनी शिडे हे सगळे तिथे शोभते, कारण ते तिथे काम करते. खलाशांना वर चढून वाशावर ओणवे होऊन शीड गुंडाळावे लागते. म्हणून ती दोरांची शिडी.

आता हीच शिडी गलबतावर लावून पाहा. रॉबर्ट ओर्म याने 1763 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात आंग्र्यांच्या गलबतांचे वर्णन केले आहे. मोठ्यात मोठे गलबत क्वचितच सत्तर टनांपलीकडचे. डोलकाठ्या दोन, त्यांतली मागची किरकोळ. पुढच्या मोठ्या डोलकाठीवर एकच प्रचंड तिकोनी शीड. वजन कमी राहावे म्हणून वरचा तक्ता चिरलेल्या बांबूचा, आणि वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या जोरावर ताशी चार मैल. या तिकोनी शिडातच सगळी मेख आहे. शीड लांबलचक तिरप्या वाशाला बांधलेले असते आणि वारा दुसऱ्या बाजूने घ्यायचा झाला की वासा जवळजवळ उभा करून, डोलकाठीच्या पुढून फिरवून, पलीकडे न्यावा लागतो. अरबी समुद्रातल्या ढाऊंच्या डोलकाठ्या पुढे कललेल्या असतात त्याही यासाठीच: वासा काठीपासून मोकळा लोंबावा. अशा जहाजावर डोलकाठीचे बाजूचे ताण कायमचे जखडून चालत नाहीत. वारा ज्या अंगाने येतो त्या अंगाचे ताण कप्पीने आवळायचे आणि दुसऱ्या अंगाचे सैल सोडायचे, असा रिवाज. प्रतिकृतीत दोन्हीकडे लाकडी चकत्यांनी कायमचे आवळलेले ताण आणि त्यांवर काळ्या दोऱ्यांची सुबक शिडी दिसली, तर ते गलबत जन्मात दिशा बदलू शकणार नाही. वासा त्या जाळीतच अडकून बसेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. 1756 च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाजवळ तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, नकाशे मागे राहिले नाहीत, मग एकाचा अंदाज दुसऱ्याच्या अंदाजापेक्षा खरा कशावरून? आक्षेप अर्धाच खरा आहे. नकाशा नसला तरी वारा आणि वजन यांचे नियम तेच आहेत. ज्या दोराने शीड हलूच शकत नाही तो अंदाज बाद होतो, मग तो कितीही देखणा असो. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: गुरबेचे काय? ओर्मच्याच म्हणण्याप्रमाणे गुरबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, काहींना तीन. तीनवाल्या सुमारे तीनशे टनांच्या. एवढ्या मोठ्या जहाजावर चौकोनी शिडे, आणि त्यांच्याबरोबर पक्के ताण, असू शकतात. मुंबईच्या कंपनी आरमारातही गुरबा होत्याच आणि दोन्हीकडचे सुतार-खलाशी एकमेकांचे पाहत होते. तेव्हा तीनकाठी गुरबेवर दोरांची शिडी दिसली म्हणून लगेच नाक मुरडू नये. गलबताला मात्र ही सवलत नाही. तिसरा आक्षेप व्यापाऱ्याचा: एवढे बघतो कोण? कुणीच बघत नाही, हे खरे. पण ज्याला हे ठाऊक आहे त्यानेच दुकानातले ‘ऐतिहासिक’ हे लेबल काढून ठेवावे.

नकाशाविना दोरकाम उभे करता येते, याचे ताजे उदाहरण गोव्यात आहे. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून शिवलेल्या फळ्यांचे जहाज तिथे बांधले गेले. बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या केरळच्या कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोराने शिवल्या आणि मे 2025 मध्ये कारवारला ते ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. चित्रात डोलकाठ्या आणि शिडे दिसतात, पण कुठला दोर कुठे जातो हे चित्रकाराने थोडेच सांगितले आहे? म्हणून आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीवर पाण्यातल्या चाचण्या झाल्या आणि लाकडी डोलकाठीच्या ताकदीचा हिशेब नौदलाने स्वतः केला. पुरावा संपला तिथे त्यांनी तर्क सुरू केला, आणि तोही तपासून घेतला.

प्रतिकृतीच्या कारागिरानेही हेच करावे, आणि त्याच्या कामाचा माल ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातल्या कसाऱ्याच्या आसपास भरपूर आहे. कसारा समुद्रापासून दूर असला तरी गलबतांपासून तितका दूर नाही. शहापूरची भातसा काळू नदीला मिळते, मुरबाडकडून येणारी ती काळू उल्हासला, आणि उल्हास कल्याणच्या खाडीत उतरते. शिवाजी महाराज कल्याण, भिवंडी आणि पनवेलला लढाऊ जहाजे बांधत असल्याची खबर 1659 च्या पोर्तुगीज पत्रात आहे. त्या कल्याणच्या पाठीमागचा मुलूख म्हणजे हीच सागाची राने. खऱ्या जहाजाला सागासारखे लाकूड नाही, पण हातभर प्रतिकृतीत सागाच्या रेषा राक्षसी दिसतात. कप्प्या आणि दोर अडकवायच्या खुंट्या यांना इथलाच हेद बरा: पिवळसर, बारीक पोताचा, चरकावर न फुटणारा. गलबताच्या तक्त्यासाठी बांबूच्या चिरफळ्या हव्यात, आणि त्या काढणारे हात शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या ठाकर-कातकरी पाड्यांवर आजही आहेत. राहिला दोर. एकास पन्नास या प्रमाणात तीस मिलिमीटरचा खरा दोर 0.6 मिलिमीटरचा होतो. दुकानातला काळा, जाड, केसाळ दोरा तिथे नांगराच्या साखळदंडासारखा दिसतो. पीळ घट्ट असलेला तपकिरी सुती दोरा मेणातून ओढून घ्यावा म्हणजे तंतू बसतात आणि काथ्याचा रंग साधतो.

गलबत विकत घेणाऱ्याने एवढे करावे: शिडाचा वासा डोलकाठीच्या पुढून पलीकडे नेता येतो का ते बोटाने करून पाहावे. मधे दोरांची शिडी आडवी आली, तर पैसे खिशात ठेवून निघावे.