गव्हाळ हातांना शोभेल कोणता रंग?

लोखंडवाला मार्केटच्या पदपथावर असो की अंधेरीहून सुटणाऱ्या लोकलच्या महिला डब्यात, नेलपॉलिशच्या बाटल्यांनी लक्ष वेधले नाही असे सहसा होत नाही. मात्र बाटलीत लोभस वाटलेला फिकट गुलाबी रंग नखांवर चढला, की हात एकाएकी निस्तेज, राखाडी भासू लागतात. ‘आपला रंगच सावळा’ असे म्हणून ती बाटली कपाटात मागे सारली जाते. वास्तविक गफलत झालेली असते ती बाटलीची निवड करताना.

प्रसाधनांच्या परिभाषेत ‘ऑलिव्ह स्किन’ म्हणजे जिच्यात पिवळसर-हिरवट झाक असते अशी त्वचा. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली मांडलेल्या वर्गीकरणात, जे पुढे सहा प्रकारांपर्यंत विस्तारले, ऑलिव्ह वर्ण साधारणपणे चौथ्या प्रकारात गणला जातो. आपल्याकडच्या अनेक गव्हाळ आणि निमगोऱ्या स्त्रियांच्या त्वचेत ही झाक आढळते. दिवसाच्या उजेडात मनगटाच्या शिरा निव्वळ निळ्या न दिसता हिरवट दिसल्या, तर तसा अंदाज बांधता येतो. तो अंदाजच, कसोटी नव्हे.

फिकट शेडमध्ये पांढरे रंगद्रव्य भरपूर असते. अशा खडूसारख्या रंगाशेजारी त्वचेतील पिवळेपणा उठून दिसतो. फिकट लव्हेंडर तर पिवळ्याचा विरोधी रंग असल्याने तो अधिकच ठळक करतो. याउलट डाळिंबी, मरून, वांगी, विटकरी, तांबूस सोनेरी, मोरपंखी हे भरीव रंग गव्हाळ हातांवर खुलतात. लाल रंग हवाच असेल तर किंचित नारिंगीकडे झुकणारा किंवा थेट गर्द लाल निवडावा. ‘न्यूड’ शेडच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी, कारण हे नाव दीर्घकाळ गोऱ्या त्वचेच्या हिशेबानेच दिले गेले. त्वचेपेक्षा छटाभर गडद असा कॅरॅमल किंवा कॉफीचा रंग तेच काम चोख करतो.

परदेशी प्रसाधनांना देशी पर्याय म्हणून टाटांनी १९५२ साली ‘लॅक्मे’ सुरू केली. ‘फेअर अँड लव्हली’चे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ व्हायला मात्र २०२० साल उजाडले. ‘हात गोरे दिसतील असा रंग द्या’ ही मागणी दुकानांतून अजून पुरती गेलेली नाही, आणि नेमक्या याच हट्टापायी चुकीची बाटली पदरात पडते.

दुकानातील दिव्यांवर विसंबू नये. पारदर्शक चिकटपट्टीवर दोन पातळ हात देऊन, ती नखावर धरून दुकानाबाहेरच्या उजेडात पाहावी. गडद रंगांनी नखे पिवळी पडतात. त्यासाठी आधी बेस कोट लावणे इष्ट. लग्नसराईत हिरव्या चुड्यासोबत डाळिंबी किंवा मरून शोभतो. मेंदी मात्र पहिल्या दिवशी केशरी आणि दुसऱ्या दिवशी गडद तपकिरी होत असल्याने शेड दुसऱ्या दिवसाच्या रंगाशी जुळवावी.

रुग्णालयात जायचे असेल, तर निदान एका बोटावरचे पॉलिश पुसलेले बरे. रक्तातील ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरच्या आकड्यात काळ्या, निळ्या आणि हिरव्या रंगांमुळे फरक पडू शकतो.