काल उतरले, म्हणून आज उतरावं का?

आपल्या बीड जिल्ह्यात बर्फ म्हणजे रसवंतीवरचा, नाहीतर अवकाळीत पडणाऱ्या गारांचा. मग हिमस्खलनाशी आपला काय संबंध, असं कुणी विचारील. पण आपली पोरं फौजेत आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनला बर्फाखाली गाडल्या गेलेल्या दहा जवानांत एक साताऱ्याचा होता. शिवाय नोकरीला लागलेली मुलं आता गुलमर्गला स्कीइंग शिकायला जातात. त्यातली काही पुढे आखलेली वाट सोडून मोकळ्या उतारावर जातात. धोका तिथे आहे, आणि त्याच्या मुळाशी बर्फाइतकाच एक तर्कदोषही आहे.

आधी बर्फ पाहू. डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो, थरांचा असतो. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, वरची हवा मात्र कडाक्याची थंड. थर पातळ असला की या फरकामुळे आतली वाफ वर सरकते आणि तळाशी साखरेसारखे सुटे, रवाळ कण तयार होतात. ते एकमेकांना धरत नाहीत. त्यावर नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो. खळ्यावर ज्वारी पसरून वर फळी ठेवा आणि फळीवर पाय द्या. काय होईल? फळी सटकेल. उतारावरही तेच होतं. एका माणसाच्या वजनानं खालचा थर मोडतो, वरची अख्खी लादी सुटते.

हे बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर घडतं, आणि स्कीइंगला मजा येते तीही नेमकी तिथेच. अशा अपघातांत बहुतेक वेळा लादी सोडवणारा माणूस सापडलेल्यांपैकीच कुणीतरी असतो.

आता तर्क. 'उतारावर कालच्या खुणा आहेत, म्हणजे तो सुरक्षित आहे.' हे अनुमान झालं. आपल्या नैयायिकांनी अशा अनुमानाला एक प्रश्न विचारायला शिकवलं: इथे उपाधी, म्हणजे लपलेली अट, आहे का? 'जिथे आग तिथे धूर' हे खरं नाही, कारण धुराला ओलं लाकूड लागतं. तापलेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. तसंच काल उतार टिकला तो काही अटींवर: रात्री नवा बर्फ पडला नव्हता, वाऱ्यानं या बाजूला बर्फ आणून टाकला नव्हता, ऊन चढलं नव्हतं, आणि कुणाचा पाय थराच्या पातळ जागी पडला नव्हता. यातली एक अट बदलली की कालचा पुरावा संपला.

'आम्ही जाणकार आहोत' हेही पुरेसं नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडात द्रौपदी का डांडा शिखराजवळ नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर हिमस्खलन झालं. २९ जण गेले. त्यात प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू सर केले होते. डोंगर कुणाचं प्रमाणपत्र पाहत नाही हो. २२ फेब्रुवारी २०२४ ला गुलमर्गच्या वरच्या उतारावर एक रशियन स्कीपटू असाच दगावला.

मग करायचं काय? चंडीगडच्या 'डीआरडीओ'च्या संस्थेकडून हिमस्खलनाचे इशारे निघतात, ते वाचावेत. धोक्याची मोजपट्टी पाच पायऱ्यांची असते. तिसरी पायरी म्हणजे 'मध्यम, चालेल' असं समजू नका. माणसं तिथेही मरतात. चालताना बर्फ 'धप्प' आवाज करून खचला किंवा भेग धावली, तर मागे फिरा. नव्या बर्फानंतर निदान एक-दोन दिवस थांबा. धोक्याचा उतार एकेकानं ओलांडा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून पाहावं.

प्रत्येकाजवळ बर्फाखालचा माणूस शोधणारं संदेशयंत्र, टोचून पाहायची लांब काठी आणि फावडं हवं. गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर बहुतेक वाचतात. अर्ध्या तासानं आशा फार उरत नाही, श्वास कोंडतो. मदतपथक तोवर पोचत नाही. काढायचं ते सोबत्यांनीच.

तुमच्या घरातलं कुणी निघालं असेल, तर 'जपून जा' एवढंच म्हणू नका. विचारा: आजचा इशारा वाचलास का? सोबत कोण आहे? आणि काल लोक उतरले, याखेरीज तुझ्याकडे दुसरं कारण काय आहे?