टायरची पकड : कोरड्या पट्टीवरची आणि पावसाळी रस्त्यावरची

'घर्षण हे टेकलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते' हे वाक्य आपण वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, असे असेल तर शर्यतीच्या मोटारींचे टायर एवढे रुंद आणि गुळगुळीत का असतात?" प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर शोधताना पाठ्यपुस्तकातील नियमाची मर्यादा तर कळतेच, शिवाय एक व्यवहारी निर्णयही नीट घेता येतो.

हा निर्णय आता जळगाव-धुळ्याच्या तरुणांपुढेही येऊ लागला आहे. सुटीच्या दिवशी बाहेर काढण्यासाठी जोरकस इंजिनाची मोटार बाळगायची आणि तिला 'ड्रॅग' टायर बसवायचे, ही हौस इकडेही पोहोचली आहे. ड्रॅग शर्यत म्हणजे थांबलेल्या अवस्थेतून सुटून सरळ पट्टीवर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, कमीत कमी वेळात कापणे. पुणे जिल्ह्यातील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर २०१०च्या दशकात अशा शर्यती भरल्या. या शर्यतीचे खास टायर पूर्ण गुळगुळीत असतात. त्यांचा एक मवाळ भाऊ म्हणजे रस्त्यावर चालवायची परवानगी असलेला ड्रॅग टायर. तो घ्यावा का, आणि घेतल्यास कसा वापरावा, हे आपण पाहू.

बैलगाडीचे चाक आणि मोटारीचे चाक

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव असते. ती गुळगुळीत असली तरी गाडीचे काही अडत नाही, कारण गाडी पुढे ढकलण्याचे काम चाक करीतच नाही. ते बैलाचे खूर करतात. म्हणून पकड हवी ती खुराला. मोटारीत मात्र चाक हेच खूर आहे. इंजिन कितीही ताकदीचे असो, टायर रस्त्याला जेवढा मागे रेटू शकेल तेवढाच रस्ता मोटारीला पुढे रेटणार. त्यापुढची सगळी ताकद चाक जागच्या जागी फिरण्यात आणि रबर जळण्यात जाते.

थोडे गणित करू. मोटारीचे सगळे वजन इंजिनाने फिरणाऱ्या चाकांवर आहे आणि घर्षण गुणांक १ आहे असे धरले, तर सर्वाधिक त्वरण गुरुत्वत्वरणाइतके, म्हणजे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. या त्वरणाने ४०२ मीटर कापायला सुमारे ९ सेकंद लागतात. पण अमेरिकेत डॉन गार्लिट्स यांनी १९६४ मध्येच हे अंतर ८ सेकंदांहून कमी वेळात कापले होते. तेव्हा घर्षण गुणांक १पेक्षा जास्त असूच शकत नाही, हा अनेक विद्यार्थ्यांच्या (आणि काही शिक्षकांच्याही) मनातला समज सोडून द्यायला हवा.

नियम कोठे अपुरा पडतो?

घर्षणाचे नियम फ्रान्समधील आमाँताँ यांनी १६९९ मध्ये मांडले. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसते, यामागचे कारण विसाव्या शतकात बाउडन आणि टेबर यांच्या कामातून स्पष्ट झाले. दोन पृष्ठभाग आपल्याला पूर्ण टेकलेले दिसतात, पण प्रत्यक्षात ते फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकलेले असतात. धातूंच्या बाबतीत भार दुप्पट केला की ही खरी टेकलेली जागाही जवळजवळ दुप्पट होते. म्हणून वीट आडवी ठेवा की उभी, घर्षण तेवढेच.

रबराची गोष्ट वेगळी आहे. ते मऊ आणि लवचीक असल्याने रस्त्याच्या खडीच्या खाचाखोचांत शिरते. भार वाढवला की टेकलेली जागा वाढते, पण भाराच्या प्रमाणात नव्हे, त्याहून कमी. म्हणजे दाब जसा वाढेल तसा रबराचा घर्षण गुणांक घटतो. याउलट, तेच वजन अधिक रबरावर पसरले तर गुणांक वाढतो. शिवाय खडीवरून जाताना रबर दबते आणि पुन्हा फुगते; या दबण्या-फुगण्यात ऊर्जा खर्च होते आणि तीही घर्षणात भर घालते. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे : आमाँताँचा नियम खोटा नाही, पण तो रबराला पुरता लागू पडत नाही.

पोस्टकार्डाएवढी जागा

१००० किलोग्रॅमची मोटार घ्या. एका टायरवर २५० किलोग्रॅम भार आला. टायरमध्ये दर चौरस इंचाला ३२ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.२५ किलोग्रॅम दाबाची हवा आहे. भागाकार करा : टायर रस्त्याला टेकतो ती जागा सुमारे १११ चौरस सेंटिमीटर. आपले पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब व ९ सेंटिमीटर रुंद असते. त्याहूनही ही जागा थोडी लहान. टायरच्या बाजूंचा ताठपणा आपण इथे सोडून दिला आहे, पण अंदाजाला हे पुरेसे आहे.

आता हवा निम्मी करून १६ पौंडांवर आणली तर जागा जवळजवळ दुप्पट होईल. ड्रॅग शर्यतीत ढकलणाऱ्या चाकांतली हवा कमी ठेवतात ती यासाठीच. रुंद टायरमुळे हे करणे सोपे जाते. टायरवर खाचा नसल्या की पोस्टकार्डाची सगळी जागा रबरालाच मिळते. कोरड्या, स्वच्छ पट्टीवर गुळगुळीत टायर जिंकतो तो असा.

मऊ रबराची किंमत

ड्रॅग टायरचे रबर मुद्दाम मऊ केलेले असते आणि ते तापले की चांगले चिकटते. म्हणून शर्यतीआधी चाके जागेवर फिरवून धूर काढतात. ही नुसती शोबाजी नव्हे. त्यामुळे रबर तापते आणि त्यावरची धूळ निघून जाते. पण मऊ रबर झिजतेही लवकर. अमेरिकी पद्धतीच्या टायरांच्या बाजूवर झीज दाखवणारा एक तुलनात्मक अंक छापलेला असतो. रोजच्या टायरवर तो ३०० ते ५०० असा आढळतो, ड्रॅग टायरवर १००च्या आसपास किंवा त्याहून कमी.

खानदेशात यात उन्हाची भर पडते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे हवेचेच तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते आणि डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही पुढे तापतो. आपल्याकडच्या रस्त्यांना वापरतात त्या डांबराच्या एका प्रचलित प्रकाराचा मृदू होण्याचा बिंदू किमान ४७ अंश असावा, अशी मानकाची अट आहे. म्हणजे भर दुपारी डांबर मऊ होऊन वर येऊ शकते, खडी त्यात बुडते आणि रबराला शिरायला खाचाच उरत नाहीत.

टायरमधली हवाही तापते. सकाळी २७ अंशांना, म्हणजे ३०० केल्व्हिनला, ३२ पौंड भरलेला टायर धावून ७२ अंशांवर गेला, तर त्यात वातावरणाचे १४.७ पौंड मिळवून ३४५ भागिले ३०० या गुणोत्तराने गुणावे लागेल. उत्तर येते सुमारे ३९ पौंड. म्हणून हवा नेहमी टायर थंड असताना मोजायची.

पाणी मध्ये आले की

आतापर्यंत ड्रॅग टायरची बाजू भक्कम होती. जूनचा पहिला पाऊस पडला की चित्र पालटते.

जळगाव जिल्हा केळीचा. केळीच्या सालीवरून माणूस का घसरतो, हे जपानच्या कियोशी माबुची आणि सहकाऱ्यांनी मोजले व २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. लिनोलियमच्या फरशीवर साल असताना घर्षण गुणांक ०.०७च्या आसपास आला. साल नसताना तो ०.४च्या जवळ होता. सालीच्या आतला बुळबुळीत गर दाबाखाली पातळ होऊन बूट आणि फरशी यांना वेगळे करतो. या कामाला २०१४ मध्ये 'इग नोबेल' हे गमतीचे पारितोषिक मिळाले, पण त्यातला मुद्दा गमतीचा नाही. दोन पृष्ठभागांच्या मध्ये द्रव शिरला की पकड त्या द्रवाच्या हाती जाते.

रस्त्यावर तेच होते. २० सेंटिमीटर रुंदीचा टायर ताशी ९० किलोमीटर वेगाने २ मिलिमीटर पाण्यातून जात असेल, तर त्याला दर सेकंदाला १० लिटर पाणी बाजूला सारावे लागते. हे काम टायरवरील खाचा करतात. त्या नसल्या तर पाण्याची पाचर टायरखाली शिरते आणि टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो. सुकाणू हातात असते, पण मोटार ऐकत नाही.

हा वेग किती? अमेरिकेच्या नासा संस्थेतील वॉल्टर हॉर्न यांनी १९६०च्या दशकात विमानांच्या टायरांवर प्रयोग करून एक सोपे सूत्र दिले. टायरमधील हवेचा दाब पौंडांत घ्या, त्याचे वर्गमूळ काढा आणि १६.७ने गुणा, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. गुळगुळीत टायरला, किंवा पाणी खाचांपेक्षा खोल असताना, ते लागू पडते. मोटारीसाठी ते ढोबळच धरावे. ३२ पौंडांना उत्तर येते ९४. १६ पौंडांना येते ६७!

म्हणजे हवा कमी केल्याने कोरड्या पट्टीवर जो फायदा झाला, तोच ओल्या महामार्गावर जिवावर बेतू शकतो. जळगावहून पारोळ्यामार्गे धुळ्याला जाताना ६७चा वेग कोणाला जास्त वाटतो? त्यातच उन्हाळाभर साचलेली धूळ व तेल पहिल्या सरीत मिसळते, आणि शेतातून आलेल्या ट्रॅक्टरांनी काळी माती रस्त्यावर आणलेली असते.

मग निवड कशी करावी?

पकड हा एकट्या टायरचा गुण नाही. टायर, रस्ता आणि त्या दोहोंमध्ये जे काही असेल ते, अशा तिघांचा तो गुण आहे. त्यामुळे 'सगळ्यात चांगला टायर कोणता?' हा प्रश्न अपुरा आहे. 'कोठे आणि केव्हा?' हे जोडावे लागते.

शर्यत अधिकृत पट्टीवरच करायची आहे, असे गृहीत धरू. शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार गुन्हा आहे. अशा वेळी उत्तम मार्ग म्हणजे टायरांचे दोन संच. रोजच्या टायरांवर जावे, तेथे ड्रॅग टायर चढवावेत, परतताना पुन्हा काढावेत. एकच संच परवडत असेल तर ड्रॅग टायरचा नाद सोडून खोल खाचांचे, चांगल्या पकडीचे रोजचे टायर घ्यावेत. पाव मैलाला थोडा वेळ जास्त लागेल, एवढेच.

ड्रॅग टायर रस्त्यावर चालवायचाच असेल तर तो रेडियल असावा. शर्यतीच्या जुन्या आडव्या-तिरक्या धाग्यांच्या टायरपेक्षा तो महामार्गाच्या वेगाला स्थिर राहतो. हवा निर्मात्याने रस्त्यासाठी सांगितली असेल तेवढीच ठेवावी. पावसात मोटार घरी राहू द्यावी. पुढे खाचांचे आणि मागे जवळपास गुळगुळीत टायर असतील, तर पाण्यात मागची चाके आधी तरंगतात आणि मोटार गरकन फिरते. आणखी एक गोष्ट : एका देशातली रस्त्याची परवानगी दुसऱ्या देशात चालत नाही. आपल्याकडे टायरवर आयएसआय खूण लागते, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटारीच्या टायरवरील खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल चालत नाही. दुचाकी व तीनचाकीसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे.

वर्गात करण्याजोगे

एका फळीवर विटेचा तुकडा, लाकडी ठोकळा आणि ठोकळ्याला चिकटवलेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. वस्तू घसरू लागते त्या कोनाचा 'टॅन' म्हणजे घर्षण गुणांक. रबर ४५ अंशांपुढेही टिकले तर गुणांक १च्या वर गेला, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. मग फळीवर धूळ भुरभुरा, नंतर पाणी शिंपडा, आणि दर वेळी कोन लिहून ठेवा.

दुसरा प्रयोग शाळेच्या आवारातला. मुलांना लहान पट्टी घेऊन शिक्षकांच्या दुचाकींच्या आणि शाळेत मुलांना आणणाऱ्या रिक्षा-गाड्यांच्या टायरांवरील खाचांची खोली मोजायला सांगा. प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी मोजून सरासरी काढावी व तक्ता करावा. गोटा झालेला टायर सापडला तर त्या गाडीच्या मालकाला तो तक्ता दाखवावा. हे काम मे महिन्याच्या सुटीआधी केले, तर पहिल्या पावसाच्या आत टायर बदलायला सवड मिळते.