मुक्या अक्षरांची कुळकथा

इंग्रजी डिक्टेशनच्या वहीत तांबड्या शाईला सर्वांत जास्त बळी कोण पडते, असे मला कोणी विचारले, तर मी डोळे मिटून सांगेन: ऐकायला सारखे नि लिहायला निराळे असणारे शब्द! बाई म्हणतात, ‘नाइट’. आता हा नाइट रात्रीचा समजावा, की ढालतलवारवाला सरदार? (बुद्धिबळातला घोडाही तोच.) सरदार असेल तर आरंभी एक ‘के’ हवा. शिवाय दोघांच्याही पोटात ‘जी-एच’ गप्प बसलेले! मूल विचारते, “बोलायचे नाही, तर लिहायचे कशाला?” त्यावर घरोघरी उत्तर ठरलेले: “मुकाट्याने पाठ कर!”

मला हे उत्तर पसंत नाही. मुलाचा प्रश्न रास्त आहे. ती अक्षरे काही जन्मापासून मुकी नव्हती. जुन्या इंग्रजीत रात्रीला जवळजवळ ‘निख्त’ म्हणत आणि दुसऱ्या शब्दाचा उच्चार ‘क्निख्त’ असा काहीसा होई. (अर्थ तेव्हा साधा पोरगा किंवा चाकर, सरदारकी मागाहून मिळाली.) घोटाळ्याला जागाच नव्हती. पुढे १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि छापील स्पेलिंगे हळूहळू कायम होत गेली. नेमक्या त्याच काळात लोकांच्या जिभा मात्र वळण बदलीत होत्या. स्वर पालटले, ‘जी-एच’चा घसा बसला, १७व्या शतकाच्या सुमारास ‘के’चीही वाचा गेली. कागदावर सगळे जसेच्या तसे. वाड्याच्या दारावर पणजोबांच्या नावाची पाटी असावी तसे.

आणि गंमत अशी, की ह्या मुक्या मंडळींची बोलकी भावंडे आपल्याच घरात आहेत! संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याला मांडले. (हे ‘सर’ म्हणजे स्वतः नाइटच, ‘के’ लावलेले.) इंग्रजीही त्याच कुळातली. रात्रीच्या ‘नाइट’चा आपल्याकडचा नातलग म्हणजे ‘नक्त’. दिवसभर उपास करून रात्री जेवण्याचे नक्त आजीला ठाऊक असते. त्यातला ‘क’ तोच इंग्रजांचा मुका ‘जी-एच’!

‘नो’ची जोडी घ्या. एक ‘नो’ म्हणजे जाणणे, दुसरा म्हणजे नाही. पहिला ‘ज्ञा’ धातूचा भाऊ, दुसरा आपल्या ‘न’चा. जाणण्याच्या डोक्यावरचा ‘के’ म्हणजे ‘ज्ञा’तला ‘ज’. इंग्रज तो लिहून गिळतो म्हणून हसू नये. आपणही ‘ज’ला ‘ञ’ जोडून ‘द्न्य’ म्हणतोच की! ‘एट’ म्हणजे आठ, तो अष्ट. आणि ‘एट’ म्हणजे खाल्ले, तो ‘अद्’ धातू, ज्यापासून आपले अन्न झाले. ‘सन’ म्हणजे मुलगा, तो सूनु. दुसरा ‘सन’ सूर्याच्या गोतातला. तिकडे आवाज एक झाले, इकडे वेगळे राहिले.

अर्थात प्रत्येक जोडीला ही किल्ली लागत नाही. फूल आणि पीठ ह्यांचे इंग्रजी शब्द मुळात एकच. दळणातला उत्तम भाग तो त्याचे ‘फूल’, आपल्या सपिठासारखा. कित्येक शतके दोघांचे स्पेलिंगही एकच चाले. मग सोयीसाठी वाटण्या झाल्या. काही जोड्या तर निव्वळ आपल्या जिभेच्या. लेखणीही ‘पेन’ आणि दुखणेही ‘पेन’. चवही ‘टेस्ट’ नि परीक्षाही ‘टेस्ट’! इंग्रजाच्या कानाला हे शब्द स्वच्छ निराळे. त्याचे खापर त्याच्या माथी फोडता येणार नाही.

हल्ली काँप्युटर स्पेलिंग तपासतो. पण साध्या तपासनिसाला सरदाराच्या जागी रात्र घातलीत, तरी तो हूं की चूं करीत नाही. दोन्ही शब्द कोशात आहेत ना! म्हणून बाईंनी सुटा शब्द न घालता वाक्य घालावे, अशी माझी सूचना आहे.

ही नक्ताची गोष्ट मी माझ्या पुतणीला सांगितली. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “मग काका, डॉटरमधला जी-एच कोणाचा?”

“दुहितामधला ‘ह’ आहे ना, त्याचा.”

तिने वहीच्या समासात ‘दुहिता’ लिहून ठेवले आणि विचारले, “आणि लाफमधला? तो तर चक्क ‘फ’ म्हणून बोलतो!”