आपली कैफियत आपणच सांगणारे काँक्रीट

पूर्वी विनय नगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दिल्लीच्या सरोजिनी नगरात, २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिल्यानंतर, जुन्या बुटक्या क्वार्टर्सच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहू लागल्या. आणि दिल्ली भूकंपप्रवण प्रदेशात मोडत असल्यामुळे, या नव्या खांबांच्या व तुळयांच्या अंतर्भागात पुढे कोणते सूक्ष्म तडे जातील, हे वेळीच कळावे कसे, हा प्रश्न तेथे राहावयास येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या जिवाशी निगडित आहे. मुंबईतील हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी कोसळून ७ जीव गेले, आणि तो पूल तर तपासणीत, किरकोळ दुरुस्त्या सुचवून, वापरण्यास योग्य ठरलेला होता.

या प्रश्नाचे मला सर्वांत मूलगामी वाटणारे उत्तर अमेरिकेतील बफेलो येथे १९९३ साली डेबोरा चुंग आणि त्यांचे सहकारी पू-वोई चेन यांनी दिले. सिमेंटमध्ये त्याच्या वजनाच्या अर्धा टक्का किंवा त्याहून कमी, केसाच्या सुमारे दशांश जाडीचे आणि काही मिलिमीटर लांबीचे कार्बनतंतू मिसळले, की काँक्रीट स्वतःच संवेदक बनते. ताण पडून तडा उघडू लागला, की त्याला आडवा गेलेला तंतू सिमेंटमधून किंचित् सरकतो, दोहोंचा स्पर्श ढिला होतो आणि विद्युत्‌रोध वाढतो. भार उतरल्यावर तो पूर्ववत् झाला तर पदार्थ शाबूत, वाढलेलाच राहिला तर इजा कायमची. प्रयोगशाळेत नमुन्याच्या तुळईभोवती वाहक रंगाचे चार पट्टे ओढतात, बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडतात आणि आतल्या दोहोंमधील विद्युत्‌दाब मोजतात, म्हणजे तारांच्या जोडाचा रोध हिशेबात शिरत नाही. अडचणी अर्थात आहेत: तंतूंच्या गुठळ्या होतात, आणि ओलाव्यानेही रोध बदलत असल्यामुळे श्रावणातील आकडा ज्येष्ठातील आकड्याशी सरळ ताडून पाहता येत नाही.

सरोजिनी नगरापासून फार दूर नसलेल्या हौज खास येथील आयआयटीत सुरेश भल्ला व त्यांचे सहकारी निराळ्या मार्गाने गेले. पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखविलेल्या पीझोविद्युत् गुणावर चालणारी, सुमारे सेंटिमीटरभर लांबीरुंदीची चकती खांबास चिकटवून किंवा काँक्रीटमध्ये पुरून तिला प्रत्यावर्ती विद्युत्‌दाब दिला, म्हणजे ती स्वतः कंप पावते, खांबालाही अतिसूक्ष्म कंप देते, आणि खांबाचा प्रतिसाद तिच्याच विद्युत्‌वाहकतेच्या आलेखात उमटतो. तडा गेला की आलेखातील शिखरे जागा सोडतात.

परंतु शिखर सरकले असे म्हणावयास ते मूळचे कोठे होते हे ठाऊक हवे. तंतू तर काँक्रीट ओतण्यापूर्वीच घालावे लागतात. चकत्या मागाहून लावता येतात, तरी त्यांची पहिली नोंद इमारत निर्दोष असतानाच व्हावयास पाहिजे. म्हणून सरोजिनी नगरातील प्रत्येक इमारतीच्या निदान तळमजल्याच्या खांबांचे आलेख, किल्ल्या रहिवाशांच्या हाती देण्यापूर्वी, रिकाम्या खोल्यांत घेतले जावेत, आणि मंजूर नकाशांबरोबर ते सरकारी दफ्तरात दाखल व्हावेत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.