सॉरी, व्हेरी सॉरी, सो सॉरी!

दिवसातून किती वेळा 'सॉरी' म्हणता तुम्ही? एकदा मोजूनच बघा. लिफ्टमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला, सॉरी. मीटिंगला पाच मिनिटं उशीर झाला, सॉरी. भलत्याच ग्रुपवर भलताच फॉरवर्ड गेला, सॉरी सॉरी सॉरी! हा शब्द आपल्या मराठीत इतका मुरलाय, की मित्राला 'मला क्षमा कर' म्हटलंत तर तो आधी घाबरेल, मग म्हणेल, "नक्की काय केलंयस तू?"

तोंडी सॉरी सोपं असतं. चेहरा असतो, आवाज असतो, फार तर एक कटिंग चहा पाजून प्रकरण मिटवता येतं. खरी पंचाईत होते ती इंग्रजी मेल लिहिताना. डेडलाइन हुकलीये, क्लायंट लंडनमध्ये बसलाय आणि कर्सर लुकलुकतोय. 'आय अ‍ॅम सॉरी' एवढंच लिहिलं तर कोरडं वाटतं. मग पुढे काय जोडायचं? व्हेरी? सो? रिअली? एक्स्ट्रीमली? की सगळंच एकत्र, 'रिअली व्हेरी एक्स्ट्रीमली सॉरी'?

तुम्ही म्हणाल, एका अ‍ॅडव्हर्बनं असा काय फरक पडतो? पडतो बॉस. एकदा तर चक्क दोन देशांमध्ये पडला होता.

'व्हेरी'ची किंमत

1 एप्रिल 2001. दक्षिण चीन समुद्रावर अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक वांग वेई मरण पावला. अमेरिकी विमान कसंबसं चीनच्या हैनान बेटावर उतरलं आणि त्यातले 24 जण चीनच्या ताब्यात गेले. चीन म्हणाला, माफी मागा. अमेरिका म्हणाली, आमची चूकच नाही तर माफी कसली?

मग सुरू झाली शब्दांची घासाघीस. आधी अमेरिकेनं 'रिग्रेट' वापरून पाहिलं. नंतर 'सॉरी'. शेवटी 11 एप्रिलला जे पत्र दिलं, त्यात दोन ठिकाणी होतं 'व्हेरी सॉरी'. एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल, एकदा परवानगीशिवाय विमान उतरवल्याबद्दल. चीननं ते आपल्या लोकांना मनापासूनची दिलगिरी म्हणून सांगितलं. अमेरिकेनं आपल्या लोकांना सांगितलं, की आम्ही दुःख व्यक्त केलंय, माफी मागितलेली नाही. दोघांचीही इज्जत शाबूत आणि ते 24 जण सुखरूप घरी! 'दोन सॉरींचं पत्र' म्हणूनच ते आजही ओळखलं जातं.

ढवळ्याशेजारी पवळ्या

आता मूळ मुद्दा. 'सॉरी'शी कुणाचं जमतं आणि कुणाचं नाही? व्हेरी, सो, रिअली, ट्रूली, डीपली, टेरिबली, एक्स्ट्रीमली यांचं छान जमतं. पण 'हायली सॉरी' किंवा 'स्ट्राँगली सॉरी' कुणी म्हणत नाही. का? हायली आणि स्ट्राँगली हेसुद्धा 'खूप'च्याच घरातले ना? हो, पण त्यांची सोयरीक दुसरीकडे. 'हायली रेकमेंड', 'स्ट्राँगली डिसअ‍ॅग्री', 'डीपली रिग्रेट', 'सिन्सिअरली अपॉलॉजाइज'. या जोड्या ठरलेल्या.

हे विचित्र वाटतं? मग आपल्या मराठीकडे बघा. काळाकुट्ट, पांढराशुभ्र, हिरवागार, लालभडक, पिवळाधमक. आता 'पांढराकुट्ट' म्हणून बघा! पाऊस मुसळधार, थंडी कडाक्याची, ऊन रणरणतं. कुणी शिकवलं आपल्याला? कुणीच नाही, ऐकून ऐकून कानात बसलं. इंग्रजीतल्या या जोड्यांना भाषेचे अभ्यासक 'कोलोकेशन' म्हणतात. ही कल्पना रुजवणारे ब्रिटिश भाषातज्ज्ञ जे. आर. फर्थ 1920च्या दशकात लाहोरला, पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, असं त्यांचं म्हणणं. आपली आजी ढवळ्या-पवळ्याच्या म्हणीत वेगळं काय सांगते?

भयंकर सॉरी!

'टेरिबली सॉरी'मधला टेरिबली आला 'टेरर'वरून, म्हणजे दहशतीवरून. 'ऑफुली सॉरी'मधल्या ऑफुलीच्या मुळाशी आहे धाक. पण आज लंडनच्या ट्यूबमध्ये कुणी धक्का लागल्यावर 'टेरिबली सॉरी' म्हणालं, तर तो दहशतीत नसतो, फक्त सभ्य असतो. तिथे तर ज्याला धक्का लागला तोही सॉरी म्हणतो! केट फॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी मुद्दाम लोकांना धक्के मारून हे तपासलं आणि 2004 साली आपल्या पुस्तकात लिहिलं. धक्का बाईंचा, पण सॉरी समोरच्याचं!

आपण तरी कुठे वेगळे आहोत? 'तो ड्रेस मला भयंकर आवडला' म्हणताना भय कुठे असतं? असे शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात, धार जाते, मग नवा शब्द लागतो. 'व्हेरी'चंही तेच झालं. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'खरा'. म्हणजे 'व्हेरी सॉरी' म्हणजे एकेकाळचं 'खरंखुरं सॉरी'! तो शब्द झिजला म्हणून 'रिअली' आला. त्याचा अर्थ? पुन्हा 'खरंच'!

आणि 'सो'? त्याचा भाव वाढला तो आपल्या लाडक्या 'फ्रेंड्स'च्या काळात. टोरांटोच्या साली टॅग्लियामाँटे आणि ख्रिस रॉबर्ट्स यांनी मालिकेच्या पहिल्या आठ सीझनचे संवाद तपासून 2005 साली निष्कर्ष मांडला, की जोर देण्यासाठी तिथे सगळ्यात जास्त वापरला जातो 'सो', आणि मुलांपेक्षा मुलीच तो अधिक वापरतात. रेचल-मोनिका आठवल्या ना?

जागा चुकली की अर्थ फिरला

अ‍ॅडव्हर्ब कोणतं याइतकंच ते कुठे बसतं हेही महत्त्वाचं. 'आय अ‍ॅम रिअली सॉरी' म्हणजे मला खरंच वाईट वाटतंय. 'आय रिअली अ‍ॅम सॉरी' म्हणजे तुझा विश्वास बसत नाहीये, पण मला वाईट वाटतंय रे बाबा! आता त्यात 'नॉट' घाला. 'आय अ‍ॅम नॉट रिअली सॉरी' म्हणजे तसं काही फारसं वाईट वाटलेलं नाही. 'आय अ‍ॅम रिअली नॉट सॉरी' म्हणजे अजिबात वाईट वाटत नाही, काय करायचं ते कर. शब्द तेच, पण पहिल्यावर भांडण मिटू शकतं, दुसऱ्यावर पेटतं.

'अ‍ॅक्च्युअली'शी जरा जपून. 'आय अ‍ॅम अ‍ॅक्च्युअली सॉरी' म्हटलं, की आधीची सॉरी खोटी होती असा वास येतो. आणि 'आय ऑलरेडी सेड सॉरी'? त्यात माफी कमी, वैताग जास्त.

जेव्हा चूक कुणाचीच नसते

सगळ्यात नाजूक प्रसंग वेगळाच. तुमच्या टीममधल्या मुलीचे वडील गेले. परदेशातला मॅनेजर तिला म्हणतो, 'आय अ‍ॅम सो सॉरी.' आणि ती गोंधळून म्हणते, 'नो नो, इट्स ओके, नॉट युवर फॉल्ट.' कारण मराठीत आलेल्या सॉरीनं फक्त माफीचा अर्थ बरोबर आणला. इंग्रजीत हा शब्द मुळात दुखण्याचा, जखमेचा. 'तुझं दुःख मलाही लागलं' हा अर्थ त्यात आजही आहे.

अशा वेळी साधं 'थँक यू' पुरतं. आणि तुम्हाला कुणाचं सांत्वन करायचं असेल, तर 'सो' किंवा 'डीपली' चालतं. पण अ‍ॅडव्हर्बची माळ लावू नका. तिथे शब्द जितके वाढतात, तितकं माणूस लांब जातं.

सेंड करण्याआधी...

- एका सॉरीला एकच अ‍ॅडव्हर्ब. 'खूप खूप' ही आपली गोड सवय, पण मेलमध्ये 'रिअली व्हेरी व्हेरी'नं माफी मोठी होत नाही, घाबरट होते.
- छोटी चूक असेल तर नुसतं 'सॉरी'. मीटिंगला दोन मिनिटं उशीर झाला म्हणून 'डीपली' लिहिलंत, तर खरी गडबड होईल तेव्हा काय लिहाल?
- चूक मोठी असेल तर 'आय अ‍ॅम व्हेरी सॉरी' आणि पुढच्याच वाक्यात, काय चुकलं आणि कधीपर्यंत दुरुस्त होईल ते.
- 'सॉरी'नंतर 'बट' आलं, की आधीचं अ‍ॅडव्हर्ब फुकट गेलं.

क्लायंट 'व्हेरी' वाचून खूश होत नाही हो, तो त्याच्या पुढची तारीख बघतो. ती तेवढी पाळा!