मजुरी घेतली, हक्कही गेला

नक्षी काढून मजुरी घेतली की तिच्यावर कारागिराचा काही हक्क उरतो का? हा सवाल आमच्या वाचकांच्या धंद्यातला आहे. अमेरिकेत तो कॉमिक्सच्या, म्हणजे चित्रकथांच्या, व्यवसायात फार गाजला.

१९३८ साली लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शुस्टर या तरुणांनी 'सुपरमॅन'ची १३ पानांची पहिली कथा १३० डॉलरला दिली. पानामागे १० डॉलर. मजुरी म्हणून हा भाव वाईट नव्हता. पण त्याच व्यवहारात पात्राचे सर्व हक्कही त्यांनी सहीनिशी देऊन टाकले. पुढची कमाई प्रकाशकाची झाली. दोघे कोर्टात गेले, १९४८ मध्ये तडजोड झाली; पात्र काही परत आले नाही. १९७५ साली वृत्तपत्रांत बोभाटा झाला, तेव्हा कुठे कंपनीने प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलर आणि कथेवर नाव देण्याचे कबूल केले. तोवर शुस्टरची नजर जवळजवळ गेली होती.

याउलट १९८४ मध्ये केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी नातलगाकडून उसने पैसे घेऊन 'निंजा टर्टल्स'च्या सुमारे ३ हजार प्रती स्वतःच काढल्या. हक्क हाती राहिल्यामुळे खेळण्यांचे आणि कार्टूनचे पैसे त्यांच्याकडे आले.

१९९२ साली नामांकित ७ चित्रकारांनी 'इमेज' कंपनी काढली. कंपनीचे फक्त नाव आणि चिन्ह. चित्रकथा ज्याची त्याची. छपाई-विक्रीची ठरलेली फी कापून उरलेला नफा-तोटा निर्मात्याचा. मात्र सुरुवातीला त्यांचे अंक वेळेवर निघेनात. तिथले दुकानदार माल आगाऊ मागवतात आणि न खपलेला सहसा परत होत नाही; त्यांची रक्कम अडकून पडली. मालक झालेल्या कारागिराने वादा पाळलाच पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत काढलेले चित्र, वेगळा करार नसल्यास, मालकाचे ठरते. हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर तो ५ वर्षांपुरताच मानतात. कापडावर किंवा वस्तूवर उतरवायच्या नक्षीसाठी २००० चा डिझाइन कायदा आहे. तिची नोंदणी नसेल आणि कारखानी पद्धतीने ५० हून जास्त नग निघाले, तर तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. ही नोंदणी नमुना बाजारात दाखवण्यापूर्वीच करावी लागते.